हवेचा धडा आणि स्वयंपाकाच्या मावशी

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आम्ही कृष्णाकाठच्या एका गावातल्या तिघीजणी. दोघी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि तिसरी गावची आशाताई. बोलणार आहे आमच्यातली एकच, पण काय सांगायचं ते तिघींनी मिळून ठरवलंय, म्हणून 'आम्ही' म्हणतोय. हातातलं काम चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल. मात्र चुलीपुढे बसून ऐकत असाल, तर जरा दाराकडे सरकून बसा. का ते पुढे कळेलच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाचवी ते सातवीच्या मुलांना हवेचा धडा हातांनी करून शिकवला. त्यात मुलं काय शिकली ते सांगूच. पण आमची एक चूक झाली, ती आधी कबूल करतो आणि ती कशी सुधारली तेही सांगतो. आज बोलायला आलोय ते खरं तर त्या चुकीसाठीच.

परीक्षेत एक ठरलेला प्रश्न असतो : हवा प्रदूषणाची कारणे लिहा. मुलं लिहितात, कारखान्यांचा धूर, वाहनांचा धूर, वाढते शहरीकरण. गुण मिळतात, पान उलटतं. एका सकाळी आम्ही सहज विचारलं, "आपल्या गावात प्रदूषण आहे का रे?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "नाही!" एकजण म्हणाला, "ते दिल्लीत असतं, बाई."

ते दिवस ऊसतोडीचे होते. आदल्या रात्री कुणीतरी तुटलेल्या फडातलं पाचट पेटवलं होतं आणि आमच्या व्हरांड्यात काजळीच्या काळ्या काड्या पडल्या होत्या. मुलांनी त्या पायांनी उडवल्या आणि वर्गात येऊन बसली. वर्गातली चार-पाच पोरं खोकत होती. तरीही प्रदूषण दिल्लीत! चूक मुलांची नव्हती. आम्ही त्यांना उत्तर शिकवलं होतं, बघायला शिकवलं नव्हतं.

म्हणून आधी हवा दाखवायची असं ठरवलं. त्याला काही खर्च नाही, तुम्हीही घरी करून बघा. दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावायच्या आणि एका फटीतून उन्हाची तिरीप आत येऊ द्यायची. त्या तिरिपेत धुळीचे कण नाचताना दिसतात. मग एका मुलाला सतरंजी झटकायला सांगायचं. कणांची गर्दी होते. "हे कण आत्ता आले का?" असं विचारलं की मुलं विचारात पडतात. कण आधीही होतेच, उन्हामुळे दिसले इतकंच. मग तिरिपेजवळ एक उदबत्ती धरायची, धूर निळसर दिसतो. "वास चांगला येतो, मग हा धूर चांगला का?" या प्रश्नावर आमच्या वर्गात अर्धा तास भांडण चाललं. आम्ही मध्ये पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी श्वास मोजले. एका मुलानं मिनिटाचं घड्याळ बघायचं आणि बाकीच्यांनी छातीवर हात ठेवून मोजायचं. दहा-बारा वर्षांचं मूल बसल्या जागी मिनिटाला साधारण २० वेळा श्वास घेतं. मोठ्या माणसाचे होतात १२ ते १८. मुलांनी वहीत गुणाकार केला. वीस गुणिले साठ गुणिले चोवीस, म्हणजे दिवसाला २८,८०० श्वास. मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजलं तर आकडा कितीतरी वाढला. आशाताईंनी तिथंच सांगितलं, "म्हणून धुरात खेळू नका म्हणतो आम्ही. लहान मुलाचा श्वास भरभर चालतो आणि फुप्फुसं अजून वाढत असतात. मोठ्यांना चालून जातं ते लेकराला चालत नाही."

तिसरा प्रयोग पुठ्ठ्यांचा. हा नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच पुठ्ठ्यांवरून घडलं.

पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे घ्यायचे. त्यावर गणिताच्या चौकटीच्या वहीचा कागद चिकटवायचा आणि त्या कागदावर व्हॅसलीनचा पातळ थर द्यायचा. मागे जागेचं नाव आणि तारीख लिहायची. मग वेगवेगळ्या ठिकाणी मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, पाऊस आणि कोंबड्या यांच्यापासून जपून, तीन दिवस टांगून ठेवायचे. तीन दिवसांनी हातभिंगातून पाहायचं. कोणत्याही पाच चौकटींतले कण मोजायचे आणि सरासरी काढायची. हे गणितच झालं, वेगळं काय!

आम्ही आठ पुठ्ठे लावले. एक वर्गात, एक खिडकीबाहेर, एक रस्त्याकडेच्या फाटकावर, एक देवळामागच्या वडाखाली, एक गुऱ्हाळाच्या वाटेवर, एक शाळेमागच्या कचऱ्याच्या खड्ड्याजवळ आणि एक पोषण आहार शिजवायच्या खोलीत. आठवा पुठ्ठा व्हॅसलीन लावून डब्यात बंद केला. मुलं म्हणाली, "हा कशाला वाया घालवायचा?" आम्ही म्हटलं, तो साक्षीदार आहे. बाहेरचे पुठ्ठे काळे झाले आणि डब्यातला पांढराच राहिला, तरच म्हणता येईल की हे सगळं हवेतून आलं, व्हॅसलीनमधून नाही.

पुठ्ठे लावण्याआधी आम्ही प्रत्येकाला अंदाज लिहायला लावला. बहुतेकांनी लिहिलं, गुऱ्हाळ. काहींनी लिहिलं, रस्ता.

तीन दिवसांनी पुठ्ठे काढून व्हरांड्यात ओळीनं मांडले. डब्यातला तसाच पांढरा होता. वडाखालचा जवळजवळ स्वच्छ. रस्त्याच्या पुठ्ठ्यावर तांबूस धूळ होती, गुऱ्हाळाच्या वाटेवरच्यावर काळे ठिपके. पण सगळ्यांत काळा निघाला तो आमच्या स्वयंपाकाच्या खोलीतला. त्यावरचे कण मोजताच येईनात. बोट फिरवलं की बोटाला काजळ लागावं तसं झालं होतं.

आम्हाला आनंद झाला, हे खरंच सांगतो. प्रयोग 'यशस्वी' झाला होता! मुलांनी मोठा तक्ता केला, त्यावर पुठ्ठे चिकटवले आणि काळ्या पुठ्ठ्याखाली लाल शाईनं लिहिलं : सर्वांत जास्त प्रदूषण, मावशींची खोली. तक्ता व्हरांड्यात लावला. आम्ही शाबासकी देऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी खिचडी वाढून झाल्यावर मावशी आमच्याकडे आल्या. पदरानं हात पुसत होत्या. म्हणाल्या, "बाई, मी पोरांस्नी जेवाय घालते का आजारी पाडते? तसं असंल तर उद्यापासनं दुसरी बघा."

आम्हाला काय बोलावं ते सुचेना. ही बाई कित्येक वर्षं शाळेत रांधते आहे. तुटपुंजं मानधन, तेही वेळेवर मिळेल असं नाही. कुठलं पोर पोटभर जेवलं नाही ते तिला आमच्या आधी कळतं. आणि आम्ही तिच्या खोलीचं नाव लाल शाईनं लिहून भिंतीवर टांगलं होतं.

एवढ्यावर थांबलं नाही. त्याच आठवड्यात एका मुलाची आई शाळेत आली. मुलानं घरी सांगितलं होतं, "आई, तू प्रदूषण करतेस, बाईंनी सांगितलंय." ती बाई हसत हसत म्हणाली, पण आम्हाला लागायचं तिथं लागलं : "मग सिलिंडरचे पैसेपण बाईंनीच द्यावेत की!"

मैत्रिणींनो, त्या संध्याकाळी आम्ही तिघी बराच वेळ बसून राहिलो. आम्ही मुलांना धूर शोधायला शिकवलं आणि मुलांनी आरोपी शोधला. आरोपी कोण सापडली? जिच्या हातात बदलण्यासारखं सगळ्यांत कमी आहे, तीच. घरात कोणतं इंधन आणायचं हे पुष्कळदा तिला कुणी विचारतही नाही. पण काडी ती लावते, म्हणून धूर तिचा!

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्ता उतरवला. मावशींची माफी मागितली आणि विचारलं, "तुम्ही एक तास वर्गात येऊन मुलांना शिकवाल का?" त्या म्हणाल्या, "मला काय येतंय?" आम्ही म्हटलं, "धुराबद्दल तुमच्याएवढं या शाळेत कुणालाच माहीत नाही."

मुलांनी प्रश्न लिहून आणले होते. मावशी आधी दारातच उभ्या होत्या, मग खुर्चीवर बसल्या, मग बोलायलाच लागल्या. धूर सगळ्यांत जास्त कधी होतो? पेटवताना आणि विझताना. मध्ये जाळ चांगला लागला की कमी होतो. कोणत्या लाकडाचा होतो? ओल्या लाकडाचा. "पावसात भिजलेलं सरपण म्हणजे नुसतं रडणं." शेणी जळताना तर डोळे उघडत नाहीत. खिडकी का लावून घेता? मांजर आत येतं, भाताला तोंड लावतं. शाळेत गॅसची शेगडी आहे, मग चूल कशाला? सिलिंडर संपला की नवीन यायला कधी आठ दिवस लागतात, कधी पंधरा. तोवर पोरांनी उपाशी राहायचं का?

मग एका मुलीनं विचारलं, "मावशी, तुम्ही किती वेळ आत असता?" रोज तीन तास. मुलांनी लगेच हिशोब केला. शाळेचे दोनशे दिवस धरले तरी वर्षाचे सहाशे तास. आणि आपण? ताट घ्यायला जातो तेवढी पाच मिनिटं. तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे सगळ्यांत जास्त धूर मावशींच्याच छातीत जातो."

आम्हाला हवं होतं ते वाक्य तिनं बोलून दाखवलं. नवा तक्ता झाला. त्यावर 'सर्वांत जास्त प्रदूषण कोण करतं' असं लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, 'सर्वांत जास्त धूर कोण सोसतं'.

हे काही आमच्याच गावचं नाही. पूर्वी हवेचं प्रदूषण म्हणजे शहर आणि कारखाने असंच शास्त्रज्ञही धरून चालायचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ हे अमेरिकी शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातमधल्या खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्या किती धूर ओढतात ते त्यांनी मोजलं. चुलीपुढची हवा शहरातल्या रस्त्यापेक्षाही वाईट असू शकते, हे अशा मोजणीतून जगापुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं होती. आईच्या कडेवर, चुलीजवळच्या झोळीत वाढणारी ही मुलं.

हे आकडे आम्ही मुलांना सांगितले नाहीत, भीती घालायची नव्हती. पालकसभेत मात्र सांगितले. आणि बाप मंडळींकडे बघून सांगितले.

आता दुसरा काळा पुठ्ठा. तो होता कचऱ्याच्या खड्ड्याजवळचा. आम्ही वर्गात विचारलं, "तिथला धूर कुणाचा?" सगळा वर्ग गप्प. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी सहावीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, काडीपेटी तुमच्या टेबलाच्या खणात असते."

खरं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाला, कागद, बिस्किटांचे पुडे, फाटक्या पिशव्या, सगळं एकत्र करून आम्हीच पेटवायला लावत होतो. वर्षानुवर्षं. त्याला 'स्वच्छता' म्हणत होतो! प्लॅस्टिक जळताना निघणारा धूर विषारी असतो, हे आम्ही शिकवतही होतो. पण ते पुस्तकातलं, खड्डा आमचा.

त्या दिवशी काडीपेटी खणातून काढून मावशींना दिली. पाल्यासाठी मुलांनी कुंपणाजवळ वेगळा खड्डा केला. थोडं शेण, थोडं पाणी आणि वर माती. त्याचं खत आता बागेला घालतो. प्लॅस्टिक धुऊन पोत्यात भरतो. काही भंगारवाला नेतो, काही नेत नाही, ती दोन पोती अजून कोपऱ्यात उभी आहेत. त्यांचं काय करायचं ते सुटलेलं नाही. पण जाळत नाही.

स्वयंपाकाच्या खोलीचं काय झालं? शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुलांनी दोन्ही पुठ्ठे पुढे ठेवले, डब्यातला पांढरा आणि खोलीतला काळा. भाषण कुणी केलं नाही, गरज पडली नाही. एका आजोबांनी चष्मा पुसून काळा पुठ्ठा पाहिला आणि म्हणाले, "हे तीन दिवसांचं?" ठराव झाला. एक सिलिंडर चालू असतानाच दुसरा भरून ठेवायचा आणि नंबर लावायची जबाबदारी समितीतल्या एकानं घ्यायची. खिडकीला जाळी बसली, त्यामुळे मांजरही बाहेर आणि धूरही बाहेर. चूल पेटवावी लागली तर त्यासाठी सुकं सरपण पत्र्याखाली रचून ठेवलं. मावशींनी स्वतःहून डाळ आदल्या रात्री भिजत घालायला सुरुवात केली, शिजायला वेळ कमी लागतो म्हणून. पातेल्यावर झाकण आलं.

महिन्यानं पुन्हा पुठ्ठा लावला. या वेळी कण मोजले मावशींनी, हातभिंग घेऊन. पुठ्ठा पांढरा नव्हता, पण चौकटी दिसत होत्या आणि कण मोजता येत होते. मावशी म्हणाल्या, "आता निदान मोजाय तरी येतंय." त्यांची खोकल्याची उबळ गेली असं आम्ही म्हणणार नाही. इतकी वर्षं आत गेलेला धूर महिन्यात बाहेर येत नाही. आशाताईंनी त्यांना तपासणीसाठी आरोग्य केंद्रात नेऊन आणलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पुठ्ठ्यावर दिसतात ते मोठे कण. जे सगळ्यांत घातक, ते इतके बारीक असतात की साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाडीचा असतो. म्हणजे केसाच्या जाडीत असे वीसेक कण शेजारी शेजारी बसतील. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही रक्तातही उतरतात. त्यामुळे पुठ्ठा स्वच्छ दिसला म्हणून हवा शुद्ध, असं समजू नका. पुठ्ठा हा बघायची सवय लावण्यासाठी आहे. तपासणीचा अहवाल नाही.

खरी मोजणी यंत्रं करतात. आपल्या देशात २०१५ पासून हवेचा गुणवत्ता निर्देशांक जाहीर होतो. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अतिवाईट आणि ४०१ च्या पुढे गंभीर. हिरव्यापासून गडद लालपर्यंत त्यांना रंग आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शुद्ध हवा कार्यक्रमात दिल्ली-मुंबईच नाही, तर आपल्याजवळची सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर ही शहरंही आहेत. हे ऐकून "ते दिल्लीत असतं" म्हणणारा मुलगा नकाशा घेऊन बसला.

आमच्या गावात यंत्र नाही. मग मुलांनी दुसरी युक्ती केली. शाळेच्या पायरीवरून तीन खुणा ठरवल्या. जवळची पाण्याची टाकी, त्यापुढचा देवळाचा कळस आणि लांबचा डोंगर. रोज सकाळी दहाला आणि दुपारी तीनला कोणती खूण स्पष्ट दिसते ते वहीत लिहायचं. धुकं आहे की धुरकं, तेही लिहायचं. वास घेतला की ते कळतं. पंधरा दिवसांत मुलांच्याच लक्षात आलं की सकाळी डोंगर दिसत नाही, दुपारी दिसतो. असं का?

त्यासाठी एक सुंदर प्रयोग आहे. एकसारखे दोन काचेचे पेले घ्या. एकात थंड पाणी, दुसऱ्यात शाई घातलेलं गरम पाणी. उकळतं नको, काच तडकते. दोन्ही काठोकाठ भरा. गरम पाण्याच्या पेल्यावर जाड गुळगुळीत पुठ्ठा दाबून तो थंड पाण्याच्या पेल्यावर उलटा ठेवा आणि पुठ्ठा अलगद ओढून घ्या. खाली परात ठेवा, पहिल्यांदा सांडतंच. वर गरम आणि खाली थंड असेल, तर शाई वरच राहते, पाणी मिसळत नाही. आता उलट करा, थंड वर आणि गरम खाली. दोन्ही क्षणात एक होतात. हिवाळ्याच्या रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. चुलीचा, पाचटाचा, कचऱ्याचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. दुपारी जमीन तापली की झाकण उठतं.

हा प्रयोग मुलांनी घरी करून दाखवला. रात्री पाचट पेटवणाऱ्या एका बापानं तो पाहिला आणि म्हणाला, "पण पाचट आडवं आलं तर खोडव्याला पाणी फिरत नाही, त्याचं काय?" त्याचंही बरोबर होतं. कृषी खात्याचे लोक गावात आले होते तेव्हा मुलांनी हाच प्रश्न विचारला. उत्तर मिळालं, पाचट एकाआड एक सरीत दाबायचं, पाणी मोकळ्या सरीतून द्यायचं. ओल टिकते आणि पुढे खत होतं. त्या वर्षी गावातल्या काही जणांनी तसं केलं, पुष्कळांनी नाही केलं. गुऱ्हाळही अजून तसंच आहे. एका हिवाळ्यात गाव बदलत नाही.

पण वर्गात एक बदल झाला. आमच्या वर्गातल्या एका मुलीला दमा आहे. खेळताना बसून राहते, पंप ओढते, म्हणून पोरं तिला हसायची. एक दिवस आशाताईंनी बाकीच्यांना शरबताच्या नळ्या दिल्या. नाक चिमटीत धरून फक्त नळीतून अर्धा मिनिट श्वास घ्यायचा. मग तसंच जागच्या जागी दहा पावलं चालायचं. पोरं कासावीस झाली, नळ्या टाकून दिल्या. आशाताई म्हणाल्या, "तुम्ही नळी टाकली. तिला टाकता येत नाही." त्या दिवसापासून हसणं बंद झालं. (हा खेळ दमा असलेल्या मुलाला मात्र कधी करायला लावू नका, आणि कुणालाही अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही.) धुळीत झाडू मारायचा असला की आता मुलंच आधी पाणी शिंपडतात आणि फळा ओल्या फडक्यानं पुसतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या शाळेत हे करायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. धूर दाखवण्यासाठी धूर करू नका, आणि गाडीच्या धुराड्याला फडकं लावण्यासारखे प्रयोग मुलांच्या हाती देऊ नका. दुसरी गोष्ट आमच्या चुकीतून आली. मुलगा घरी येऊन "आई, तुझ्यामुळे धूर होतो" म्हणाला, तर त्याला रागावू नका, पण गप्पही बसू नका. त्याच्या हातात पुठ्ठा द्या आणि म्हणा, "हा तिथं लाव, मी बसते तिथं. मग तीन दिवसांनी तो घेऊन तुझ्या बापाजवळ बस." सरपण सुकं करायला, खिडकी पाडायला, धुराडं बसवायला आणि सिलिंडर भरून आणायला घरातले सगळेच लागतात. ते तुमचं एकटीचं काम नाही.

आमच्या व्हरांड्यात आता दोन तक्ते आहेत. एकावर दर महिन्याचे पुठ्ठे आणि दुसऱ्यावर डोंगर दिसल्याचे दिवस. पुठ्ठे बदलायचं काम मावशींनी स्वतःकडे घेतलंय. परवा नवीन आलेल्या पाचवीच्या पोरांना त्या सांगत होत्या, "हे बघा, ह्यो पुठ्ठा माझा. आन त्यो खड्ड्याजवळचा बाईंचा."

आम्ही काही बोललो नाही. खरंच होतं ते.